कमलआक्कांची त्रेसष्ट घरं

हल्ली लग्नाच्या पत्रिकेबरोबरसुद्धा लोकेशन येतं. मंगल कार्यालय बारामतीत भर रस्त्यावर असतं, दारात कमान उभी असते, तरी मुलीचे मामा फोन करून विचारतात, लोकेशन मिळालं ना? मी 'मिळालं' म्हणतो आणि उघडत नाही. घरचे म्हणतात, जन्मभर मास्तरकी केली ना, नव्या गोष्टींचं वावडं असायचंच. त्यांना बोलू देतो. खरं म्हणजे निवृत्त झाल्यावर तीन वर्षं मी हेच काम केलं, लोकेशनचं. आणि त्या कामात कमलआक्का भेटल्या, म्हणून नकाशावरचा तो निळा ठिपका आता मला बघवत नाही.

आक्का गेल्या त्याला वर्ष होईल. सकाळी दूध घालायला येणाऱ्या माणसाला दार बंद दिसलं, त्याला वाटलं लेकीकडे गेल्या असतील. दुसऱ्या दिवशीही दार बंद, तेव्हा त्याने आत डोकावून बघितलं. मला कळायला आणखी आठवडा गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काही बरं घडेल अशी आशा कुणी धरून बसायला नको.

आमची बारामतीत एक छोटी संस्था होती. सात-आठ निवृत्त माणसं, भाड्याचं ऑफिस, आणि एका देणगीदाराने दिलेली गाडी. गाडीत स्ट्रेचर, ऑक्सिजनची टाकी आणि इक्बालभाई नावाचा शहाणा ड्रायव्हर. काम एकच ठरवलं होतं. निमगाव केतकीवरून निरवांगीच्या बाजूला गेलात तर गाव लहान आणि वस्त्या फार. माणसं आपापल्या रानात घर बांधून राहतात. पोरं पुण्याला, मागे म्हातारा-म्हातारी, दोन म्हशी आणि चहूबाजूंनी ऊस. ऊस डोक्यावर गेला की शेजारचं घरसुद्धा दिसत नाही. अशा ठिकाणी कुणाच्या छातीत दुखलं तर गाडीवाल्याला वस्ती सापडेपर्यंत माणूस टिकत नाही. म्हणून प्रत्येक म्हाताऱ्याच्या फोनवर एक लाल बटण बसवायचं. ते दाबलं की निमगावात उभ्या असलेल्या इक्बालभाईच्या फोनवर त्या घराची पिन दिसणार, आणि गाडी थेट त्या पिनवर जाणार. एवढंच. पिना लावायला प्रत्येक भागातली एक माहीतगार बाई घ्यायची ठरली. त्या भागातल्या माहीतगार बाई म्हणजे कमलआक्का, याबद्दल तिथे कुणाला शंकाच नव्हती.

अंगणवाडीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झालेल्या. उंच, काटकुळ्या, चालायला वाऱ्यासारख्या. पायात पुरुषी चामडी चप्पल, कारण बायकांच्या चपला म्हणे बांधावर तासाभरात मान टाकतात. चष्म्याला काळा दोरा, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत शिळ्या भाकरीचे तुकडे असायचे. ते वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी. कुठल्या वस्तीवर किती कुत्री आणि त्यातलं कुठलं खोटं भुंकतं, हे त्यांना पाठ होतं. घराजवळ आलं की गोठ्याच्या बाजूने खाकरत जायच्या, एकदम दारात उभ्या राहायच्या नाहीत. चहा आला की म्हणायच्या, "अर्धाच द्या, पुढं अजून घरं हायती." दिवसभरात अर्धे अर्धे करत आठ-दहा कप होत असतील, पण कुठल्या घराला चहा नाकारला असं झालं नाही.

पहिलं प्रशिक्षण बारामतीत, एसटी स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये झालं. शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली होती, हुशार आणि घाईत. तिने सगळ्यांना नवे फोन दिले, नकाशा उघडायला लावला आणि म्हणाली, हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. मग सगळ्या बायकांना बाहेर अंगणात नेलं. बाया चालल्या की ठिपके चालायचे. हसून हसून पुरेवाट झाली. एकजण तर ठिपका पुढे जातो का बघायला पळत रस्त्यापर्यंत गेली. आक्का मात्र पायरीवर बसून होत्या. मुलीने विचारलं, काकू, तुम्ही नाही बघणार?

आक्का म्हणाल्या, "मी कुठं हाय ते मला ठाव हाय, बाई. ते कशाला दावता? बाकीची कुठं हायती तेवढं दावा."

सगळे हसले, मीही हसलो. मुलगी म्हणाली, बाकीचे तुम्हीच दाखवायचे आहेत, लाल पिना लावून. आक्कांनी तिथल्या तिथे पिनेचं नाव टिकली ठेवलं. मग फॉर्म शिकवला. नाव, वय, आजार, मुलाचा नंबर आणि सगळ्यात खाली एक बटण, 'स्थान नोंदवा'. ते दाबलं की हिरवी खूण येते, फॉर्म पूर्ण. ते बटण त्या घरात उभं राहूनच दाबायचं असतं, हे त्या मुलीने सांगितलं असेलच. पण तेवढ्यात वडापाव आले होते आणि हॉलमध्ये एकच गलका होता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि मलाही ते ऐकल्याचं आठवत नाही.

फॉर्मवर आक्कांचं पहिलं भांडण झालं ते कुटुंबप्रमुखाच्या नावावरून. त्या भागात सून आली की तिला माहेरच्या गावाने ओळखतात. भिगवणवाली, कळसवाली, शेळगाववाली. सून सत्तर वर्षांची झाली तरी ती भिगवणवालीच. आक्कांनी सगळे फॉर्म त्याच नावांनी भरले. ऑफिसात आमचे खजिनदार वैतागले, म्हणाले, आडनाव नाही, गट नंबर नाही, हे काय रेकॉर्ड आहे? मी आक्कांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या की वस्तीवर एका आडनावाची अकरा घरं आहेत आणि त्यात चार भगवान आहेत. भिगवणवाली एकच आहे.  शिवाय घर बाईच्या नावाने ओळखायचं असतं, पुरुष मुळात घरात सापडतो किती, असं वर ऐकवलं. मी खजिनदारांना समजावलं आणि नावं तशीच राहिली.

महिनाभरात आक्कांचे त्रेसष्ट फॉर्म आले, सगळे हिरवे. दुसऱ्या भागातल्या बायकांचे वीस-पंचवीसच्या पुढे जात नव्हते. ऑफिसातल्या मोठ्या टॅबवर तालुक्याचा नकाशा लावलेला असायचा. लांबून बघितलं की जवळजवळच्या पिना मिळून एक गोल दिसतो आणि गोलात आकडा. आक्कांच्या गावावर मोठा थोरला लाल गोल, त्यात त्रेसष्ट. आलेल्या पाहुण्यांना मी बोटाने तो गोल दाखवायचो. तो फोडून आत बघायला दोन बोटं लागतात. ती दोन बोटं मी कधी लावली नाहीत.

त्या महिन्यातच एकदा त्यांचं काम बघायला मी मुद्दाम गेलो होतो. सकाळी आठला निघालो आणि दुपारी एकपर्यंत सात घरं केली. त्या दिवशी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आक्का जाऊन बसायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि ऐकायच्या. म्हातारी बोलतेय, गुडघ्यापासून सुनेपर्यंत आणि सुनेपासून गाभण म्हशीपर्यंत, आणि या नुसत्या ऐकतायत. मध्येच एखादा प्रश्न, तोही सहज. गोळी कुठली घेता, रात्री कितीदा उठता, पोरगं फोन कधी करतं. वही नाही, पेन नाही. दोन घरं झाल्यावर मी विचारलं, आक्का, फोन कुठाय? म्हणाल्या, घरी डब्यात ठेवलाय.

"माणूस त्वांड भरून बोलतंय आन् आपण फोनात डोकं घालायचं, हे मला जमायचं न्हाय सर. मी समदं ध्यानात ठेवती. सांच्याला घरी बसून निवांत भरती."

मी काय केलं? मी भारावलो. पुढच्या मासिक बैठकीत उभा राहून मी हे सगळ्यांना उदाहरण म्हणून सांगितलं. म्हणालो, माणसाशी बोलताना फोन बाजूला ठेवायचा संस्कार आक्कांकडून शिका. टाळ्या पडल्या. खरंच सुंदर गोष्ट होती ती, आजही मला तसंच वाटतं. फक्त तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात एवढंही आलं नाही की फोन जर घरी डब्यात असेल, तर तो स्थान कुठलं नोंदवत असेल.

त्याच दिवशीचं शेवटचं घर भगवानतात्यांचं. कालव्याच्या पलीकडे, उसात पार आत. तात्या पंच्याहत्तरीचे, एक झटका येऊन गेलेला. त्यांची बायको लासुर्ण्याची, म्हणून लासुर्णेवाली. मी काकू म्हणायचो. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा मुलगा संदीप पुण्याहून आलेला होता आणि घरात तणातणी चाललेली. तो आई-बापांना न्यायला आला होता, गाडी दारातच उभी. म्हणत होता, इथे काही झालं तर कोण येणार आहे? आणि खोटं काहीच बोलत नव्हता. तात्या भिंतीकडे तोंड करून बसलेले. काकू नुसत्या पदराने डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, पुण्याच्या घरात महिनाभर काढला होता, तर यांनी बोलणंच टाकलं होतं.

आक्कांनी संदीपला समोर बसवलं. तो लहानपणी त्यांच्याच अंगणवाडीत होता. फॉर्म संध्याकाळी भरायचा होता, पण काकूंच्या फोनवर बटण आधीच बसवलेलं होतं; ते त्याच्यापुढे त्यांच्याकडून दाबून घेतलं. दोन मिनिटांत इक्बालभाईचा फोन आला, कोण आहे, काय झालं? आक्का म्हणाल्या, काय न्हाय, बघत हुतो. मग संदीपकडे वळल्या.

"तुझा बा हितं हाय तंवर माणूस हाय. तितं निऊन ठिवलास तर नुसता सांभाळायचा. तू जा बिनघोर. पंधरा मिन्टात गाडी दारात उभी ऱ्हाईल, हा माझा शब्द हाय."

संदीपने आधी बापाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो एकटाच गेला. तात्यांनी लगेच उठून गोठ्याकडे जात आक्कांना विचारलं की लिंबं नेणार का. परतताना आक्कांच्या पिशवीत तात्यांची लिंबं होती आणि त्या खुशीत होत्या. मला म्हणाल्या, त्यांची स्वतःची लेकही चिंचवडला बोलावते, सातव्या मजल्यावर. एकदा आठ दिवस राहून आल्या. खिडकीतून खाली बघितलं तर ओळखीचं एक माणूस दिसत नाही, तिथे कशाला जायचं. इथे जगायची सोय झाली, त्याच्यातच त्यांची स्वतःचीही सोय झाली असं त्यांना वाटत होतं. तेव्हा मला हे नीट कळलं नाही. त्यांचा शब्द त्रेसष्ट घरांसाठी होता, त्यात चौसष्टावं त्यांचं होतं.

तुम्ही म्हणाल, गाडीची एकदा तरी चाचणी घ्यायला नको होती का? घेतली होती ना. आक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या. हितनं वळा, हितं हळू, हितं पाट फुटलाय. इक्बालभाईने नकाशाकडे बघायचं कारणच पडलं नाही. पुढे दोन-तीनदा खरंच बोलावणं आलं तेव्हाही त्याने आधी आक्कांनाच फोन लावला, आणि त्या फाट्यावर येऊन गाडीत चढल्या. एका म्हातारीला वेळेवर बारामतीला आणून दाखल केलं. ती बरी होऊन परत वस्तीवर गेली. तेव्हा आम्ही पेढे वाटले. वाचवलं आक्कांनी, नाव झालं नकाशाचं.

तो दिवस मासिक बैठकीचा होता. दुपारचे तीन वाजले असतील. आक्का बारामतीला आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आणि चार माणसांत फोन वाजू नये म्हणून त्यांनी तो बंद करून पिशवीत ठेवला होता. मी पुढे उभा राहून काहीतरी बोलत होतो. माझा फोन थरथरला, इक्बालभाई. मी कट केला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी घेतला.

तो धापा टाकत होता. म्हणाला, सर, आक्कांच्या घराची कडी तोडली, आत कुणी नाही. मला काही कळेना. मी म्हणालो, आक्का इथे माझ्यासमोर बसल्यात, तुम्ही त्यांच्या घरी कशाला गेलात? पिन बघा.

"पिननंच आणलंय इथं," तो म्हणाला. "लासुर्णेवाली म्हणून नाव आलंय. लासुर्णेवाली कोण सर?"

इक्बालभाई गावचा नव्हता, त्याला हे नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. पिन आक्कांच्या घरावर आणि पुढच्या दाराला आतून कडी (आक्का मागच्या दाराला कुलूप लावून निघायच्या), म्हणजे आक्काच आत पडल्या असणार, असं समजून त्याने दार ठोठावलं, खिडकीतून बघितलं, शेवटी कडी तोडली. आक्कांचा फोन बंद. काकूंचा फोन वाजत राहिला, पण बटण दाबून त्यांनी तो कोनाड्यात ठेवला होता आणि त्या तात्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बटण दाबलंय, गाडी येणारच, या भरवशावर. यात पाऊण तास गेला होता.

मी नाव मोठ्याने उच्चारलं, तशा आक्का उठल्या. माझ्या हातातून फोन घेतला, डोळे मिटले आणि बारामतीच्या त्या हॉलमध्ये उभ्या राहून त्यांनी इक्बालभाईला चालवायला सुरुवात केली. मागं फिरा. कालव्याच्या पुलावर या. उजव्या हाताला पाण्याची टाकी सोडा, म्होरं लायटीची डीपी लागंल. आवाज चढला नाही, घाई केली नाही. एकदाही चुकल्या नाहीत. सतरा मिनिटांनी इक्बालभाई म्हणाला, पोचलो. मग बराच वेळ फोनवर नुसता म्हशीचा आवाज येत होता. नंतर काकूंचा आला.

आक्कांनी फोन माझ्याकडे दिला आणि खुर्चीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. 

दुसऱ्या दिवशी तात्यांची माती झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर आम्ही दोघंच. मी म्हणालो, आक्का, फोन आणा, बघू काय बिघडलंय. त्यांनी डब्यातून फोन काढला, रुमाल सोडला. मी नकाशा उघडला. तोच लाल गोल, त्यात त्रेसष्ट. मी दोन बोटं लावली. दुसरा कुठलाही गोल असता तर फुटून पंधरा-वीस झाला असता, मग पाच-सात, मग एकेक पिन आपापल्या घरावर. हा फुटेना. मी मोठं करत गेलो, कालवा आला, रस्ता आला, आक्कांच्या घराचं पत्र्याचं छप्पर आलं. शेवटी पार शेवटच्या पायरीला तो फुटला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पिना त्या एका छपरावर, एकमेकींवर चढलेल्या. थोड्या ओट्यावर, थोड्या चुलीच्या खोलीत, जिथे बसून त्यांनी ज्या संध्याकाळी जेवढे भरले तिथे तेवढे. आणि त्यांच्या मध्ये निळा ठिपका, आम्ही बसलो होतो तिथे.

आक्का चष्मा वर करून बघत राहिल्या.

"ह्या समद्या माझ्या दारात कशाला आल्यात?"

मी सांगितलं. जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं. त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं होतं. मी तरी बोलत होतो, चूक माझी आहे म्हणत होतो, शिकवणारीची आहे, फॉर्म तसा नको होता. त्या मध्येच म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या सर. मग उठून आत गेल्या, आणि आतून भांडं पडल्यासारखा आवाज आला. मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. कडी तुटलेलं दार वाऱ्याने हलत होतं, आणि मला आत जायचा धीर झाला नाही.

तेराव्याला संदीप भेटला. मला वाटलं होतं तो ओरडेल, आणि त्याने ओरडावं अशी माझी इच्छा होती. तो आक्कांजवळ गेला, पाया पडला आणि हळूच म्हणाला, "बाई, मी तुमच्या शब्दावर गेलो हुतो." एवढंच. आक्कांनी मान खाली घातली. संध्याकाळी तो आईला घेऊन गेला. म्हशी दोन दिवसांनी विकल्या.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बातमी पुण्यापर्यंत गेली. रविवारी रविवारी वस्त्यांवर गाड्या येऊ लागल्या आणि म्हातारी माणसं गाठोडी घेऊन बसू लागली. कुणी रडत गेलं, कुणी उगाच हसत गेलं. संस्थेत दोन बैठका झाल्या, दोन्हींत एकमेकांकडे बोटं दाखवली गेली, आणि देणगीदाराने गाडी दुसरीकडे दिली. ऑफिसचं भाडं संपलं. मला एवढंच काम उरलं की बायकांना दिलेले फोन गोळा करायचे. आक्कांचा मी मुद्दाम शेवटी ठेवला. दोन महिने टाळला.

गेलो तेव्हा त्या घरी नव्हत्या. शेजारच्या वस्तीवरची बाई म्हणाली, रोज सकाळी निघतात, आज तात्यांच्या रानाकडे असतील. मी स्कूटर कालव्यावर लावून आत चालत गेलो. ऊस तोडून नेलेला, त्यामुळे घर लांबूनच दिसलं. दाराला कुलूप, गोठा मोकळा. अंगणाच्या बरोबर मध्ये आक्का उभ्या होत्या. हातात फोन, हात लांब धरलेला, चष्मा कपाळावर. मी जवळ गेलो तरी त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, थांबा, अजून थरथरतंय. निळा ठिपका कधी गोठ्यात, कधी विहिरीवर जात होता. तो घरावर येऊन स्थिर झाला तेव्हा त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"ही शेवटची," त्या म्हणाल्या.

परत त्यांच्या ओट्यावर आलो. त्यांनी मला नकाशा दाखवला. त्रेसष्ट पिना आता पसरल्या होत्या, कालव्याच्या अल्याड, पल्याड, ओढ्याच्या काठाने, प्रत्येक आपापल्या घरावर. इतका अचूक नकाशा आमच्याकडे कुणीच केला नव्हता. त्यातल्या एकोणचाळीस घरांना कुलूप होतं. ते त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. खिशात हात घालून मी कसं बोलावं याचा विचार करत होतो. शेवटी म्हणालो, आक्का, गाडी बंद झाली.

"ठाव हाय मला. म्हैना झाला, इक्बाल येऊन सांगून गेला."

मग हे कशासाठी, मी विचारलं. महिनाभर, उन्हात, कुलपं बघत.

 त्या पदराने फोनची काच पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "लासुर्णेवालीचा फोन येतो पुण्यासनं. इचारती, आक्का, आमचं घर तुमी कुठं लावलं हुतं? काय सांगू तिला? आता इचारलं तर सांगीन, हाय जाग्यावर." थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तात्याला मी ठिवून घेतला, सर. त्यो गेला असता पुण्याला. गप बसला असता, पर जगला असता."

 मी नकाशाकडे बघत राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या पिना आपापल्या घरी गेल्यावर आक्कांच्या घरावर एकही उरली नव्हती. त्यांनी स्वतःचा फॉर्म कधी भरलाच नव्हता. छपरावर नुसता निळा ठिपका होता. मी म्हणालो, तुमची पण लावू या एक.

"गाडी हाय का?"

मी फोनकडे नेलेला हात मागे घेतला.

"मंग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यांनी फोन रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. चहा ठेवला. या वेळी त्यांनी स्वतःला पूर्ण कप घेतला, आणि मीही घेतला. इकडचं तिकडचं बोललो. लेकीकडे जाणार का, असं मी निघता निघता विचारलं. बघू, म्हणाल्या. दोघांनाही माहीत होतं की जाणार नाहीत.

कालव्याच्या पुलावर आल्यावर स्कूटर थांबवली. फोन बंद करून ठेवावा म्हणून रुमाल सोडला, तर नकाशा अजून उघडाच होता. निळा ठिपका आता पुलावर, माझ्याजवळ. मी मागे वळून बघितलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण त्या ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत आल्या होत्या आणि कपाळावर हात धरून माझ्या दिशेने बघत उभ्या होत्या. मी पुन्हा फोनकडे बघितलं. त्रेसष्ट घरं होती. आक्का उभ्या होत्या तिथे काहीच नव्हतं.